२४१/६ म्हणजे काय? अण्णांच्या आठवणी लिहा

लेक, कणकवली

येत्या श्रावणात अण्णांना जाऊन वर्ष होईल. भटजी येतील, पानं मांडली जातील, आणि माणसं "देवमाणूस हो!" म्हणत हात धुऊन निघतील. मला देवमाणूस नकोय. मला ते हवेत जे चपला उलट्या घालून बाहेर पडायचे आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचे. ज्यांनी ज्यांनी कोकण रेल्वेत त्यांच्याबरोबर काम केलं, भांडण केलं, चहा घेतला, त्यांनी इथे लिहावं. राग असेल तर तोही लिहा. मीच सुरुवात करते.

अण्णांनी १९९१ पासूनची सगळी कालनिर्णयं जपली होती. देवगडच्या घराच्या माळ्यावर सुतळीने बांधलेला गठ्ठा मिळाला. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षर. "गॅस लावला." "आईचे चष्मे." "धाकट्याची फी." "खालच्या कलमांना शेणखत." आणि मधूनमधून आकडे: १९७/३, २४१/६, ३०२/१. त्यांच्यापुढे "ठीक" किंवा "पुन्हा बघणे".

२०११ च्या जुलैत माझी मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी होते, म्हणजे अण्णांच्याच घरात, आणि अण्णा तीन दिवस आलेच नाहीत. त्या चौकोनात लिहिलंय: "२४१/६ ठीक. मुलगी झाली. ३ किलो." आधी आकडा, मग नात. खरं सांगते, माळ्यावर बसून मला रडू नाही, संताप आला. त्याहून विचित्र म्हणजे पुढच्या प्रत्येक वर्षी त्याच तारखेला "२४१/६ ठीक" आहे. निवृत्तीनंतरसुद्धा. कोणी सांगेल का हे काय आहे?

शेजारी, देवगड

आकड्यांचं मला माहीत नाही. गणपतीचं सांगतो.

अण्णा म्हणजे गणपतीला शेवटच्या क्षणी पोचणारा यजमान. चाकरमानी मुंबईहून दोन दिवस आधी येऊन माटवी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधून बसायचे आणि कणकवलीतला हा माणूस, अवघ्या पन्नास किलोमीटरवरचा, प्राणप्रतिष्ठा सुरू झाल्यावर दारात. कारण उघड आहे. गणपतीच्या जादा गाड्या आणि पाऊस एकदमच येतात. सगळ्यांना सुखरूप गावाला पोचवायचं तर पोचवणाऱ्याचा गणपती उशिराच व्हायचा.

आरतीत त्यांचा सूर कधीच लागला नाही. "घालीन लोटांगण"ला तर आमचे बुवा पखवाज मुद्दाम जोरात वाजवायचे. पण झांजेचा ठेका मात्र चुकायचा नाही. रुळाच्या सांध्यावरून गाडी गेल्यासारखा एकसारखा.

त्यांच्या हाताखाली शिकलेला, रत्नागिरी

ताई, आकड्याचा अर्थ मी सांगू शकतो, पूर्ण नाही. कोकण रेल्वेचे किलोमीटर रोह्यापासून मोजतात. २४१/६ म्हणजे २४१ व्या किलोमीटरच्या पुढची सहावी खूण, साधारण सहाशे मीटरवरची. रत्नागिरीच्या दक्षिणेला येते ती, डोंगर कापून रुळासाठी केलेलं कटिंग आहे तिथे. तीच एक जागा का, ते मला ठाऊक नाही. सरांच्या डोक्यात अशा पन्नासएक जागा होत्या आणि प्रत्येकीचा स्वभाव त्यांना पाठ होता. "ही लाजरी आहे, दोन दिवस पाऊस झाल्याशिवाय बोलत नाही. ती दुसरी तोंडाळ, पहिल्याच सरीला दगड टाकते."

मी आलो तेव्हा लाइन सुरू होऊन काही वर्षं झाली होती. सर मात्र बांधकामापासूनचे. पाटबंधाऱ्यातली कायमची नोकरी सोडून नव्या महामंडळात आलेले. पानवलच्या पुलाबद्दल ते बोलायला लागले की ट्रॉली थांबवावी लागायची. ४२४ मीटर लांब, सगळ्यात उंच खांब ६४ मीटरचा. त्या दरीत खालून टेकू देऊन गर्डर ओतणं अशक्य, म्हणून दरीच्या एका टोकाला तुकड्यातुकड्याने गर्डर ओतायचा आणि जॅक लावून पुढे ढकलायचा. टोकाला पोलादी चोच, ती पुढच्या खांबाला आधी टेकते. आपल्या देशात ही पद्धत पहिल्यांदा तिथेच वापरली. सर म्हणायचे, "पाटावर शेवया ढकलतात ना, तसं. फक्त शेवई हजारो टनांची." स्वतःचं त्यात काय काम होतं असं विचारलं की म्हणायचे, "मी लेव्हल धरून उभा होतो." नंतर जुन्या माणसांकडून कळलं ते फक्त लेव्हल धरून उभे नव्हते.

पण ते पुलांचे नव्हते, मातीचे होते. कोकणातली माती त्यांनी जितकी वाचली तितकी मी कोणाला वाचताना पाहिली नाही. वर जांभा, कडक, चिऱ्यासारखा. पाणी त्याच्यातून झिरपतं ते खालच्या शेडीवर, म्हणजे चिकण मातीच्या थरावर, येऊन अडतं. शेडी म्हणजे साबण. तिथे वाट मिळाली नाही की वरचा जांभा अख्खाच्या अख्खा सरकतो. म्हणून त्यांचा सगळा जीव गटारांत. कटिंगच्या माथ्यावरचं गटार स्वच्छ असेल तर खालच्या जाळ्या, भिंती, पायऱ्या पाडलेले उतार या सगळ्यांना अर्थ, नाहीतर नुसता खर्च. नव्या पोरांना ते आधी सहा महिने गटारंच दाखवायचे. आम्ही त्यांना मागे "गटारगुरुजी" म्हणायचो. त्यांना माहीत होतं.

एकच तक्रार लिहितो, ताईंनी परवानगी दिलीय म्हणून. चूक झाली तर ते ओरडायचे नाहीत. गप्प बसून तुमच्याऐवजी स्वतः ते काम करायला लागायचे. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

पुतण्या

माझा राग अजून आहे. बारावी झाल्यावर मी काकांकडे गेलो, म्हटलं कुठेतरी चिकटवा. काका म्हणाले, "जाहिरात आली की फॉर्म आणून देतो." आणला. भरला. परीक्षेत नापास झालो. पुन्हा आणला. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा फॉर्मबरोबर गणिताची जुनी पुस्तकं आणि दर रविवारी स्वतः काका. तरीही नापास. आता माझं काजूप्रक्रियेचं युनिट आहे, बरं चाललंय. पण एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. काकीला विचारलं तर ती नुसती हसते.

लोको पायलट, निवृत्त

मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की आम्हाला वेग ताशी ४० वर आणावा लागतो. गाडी उशिरा पोचते, प्रवासी शिव्या घालतात. हे साहेब एकदा माझ्याबरोबर इंजिनात होते. पहाट, निवसरच्या आसपास, वायपर चालून काही दिसेना. मी वेग कमी केला आणि घड्याळाकडे पाहिलं. ते म्हणाले, "घड्याळाकडे बघू नका, त्याला पोरंबाळं नाहीत." एवढंच. पुढे बारा वर्षं गाडी चालवली, दर पावसाळ्यात ते वाक्य कानात होतं.

धाकटा

ताई सगळं मलाच लिहायला लावणार होती, पण मी टाळत होतो.

आमच्या वह्यांना वर्गात सगळ्यात वेगळी कव्हरं असायची. जुने रद्द झालेले नकाशे अण्णा घरी आणायचे, निळ्या रेघांचे, अमोनियाचा वास येणारे, आणि जूनच्या पहिल्या रविवारी ओटीवर बसून सगळ्या वह्यांना कव्हरं घालायचे. माझ्या भूगोलाच्या वहीवर बोगद्याचा आडवा छेद होता. गुरुजींनी विचारलं हे काय, मी म्हटलं "कोकण रेल्वे". तेव्हा ती व्हायची होती. वर्गात हशा पिकला, कारण "रेल्वे येतली" हे आमच्याकडे "नवस फेडतलंय"सारखं, बोलायचं वाक्य होतं. नाथ पै आणि मधु दंडवत्यांच्या सभा ऐकून आजोबांची पिढी म्हातारी झाली होती.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. त्या उन्हाळ्यात अण्णांनी आजीला गाडीत बसवलं, कणकवली ते चिपळूण, मी बरोबर. आजीने नऊवारी, नाकात नथ, पायात माझ्या आईच्या चपला. बोगदा आला की ती डोळे मिटून रामरक्षा सुरू करायची, उजेड आला की अर्ध्यावर थांबायची. उक्षीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात तिची रामरक्षा संपली, मारुतीस्तोत्र संपलं, तरी उजेड नाही. शेवटी अंधारात तिने अण्णांना विचारलं, "बाबू, तुका वाट ठावक आसा मा?" अण्णा इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि बाहेर आल्यावर आजीचा दुसरा प्रश्न: "पण समुद्र खय?" तिला वाटलेलं, कोकणची गाडी म्हणजे समुद्राकाठून जाणार. बऱ्याच जणांना अजून तसंच वाटतं.

माझा राग? आहे ना. मी फार्मसी केली. अण्णा एकदाही "इंजिनियर हो" म्हणाले नाहीत, आणि एकदाही दुकानात येऊन बसले नाहीत. दारातूनच औषध घ्यायचे, पैसे मोजून द्यायचे, सुटे परत घ्यायचे. मी म्हणायचो, अण्णा, बापाकडून कसले पैसे? तर म्हणायचे, "हिशेब चुकतो मग." आता गल्ल्यात त्यांची एक दहाची नोट वेगळी ठेवलीय. तिने हिशेब चुकलाय, चुकू दे.

एक वाचक, गुहागर

मी यांना ओळखत नाही. माझे वडील एसटीत चालक होते. तेही घरी काही सांगायचे नाहीत. घाटात ब्रेक गेला होता हे आम्हाला त्यांच्या निरोप समारंभात भाषणातून कळलं, अकरा वर्षांनी. आई तिथल्या तिथे उठून त्यांच्याशी भांडली. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते. या पिढीची ही खोडच दिसते. पुढे लिहा, वाचतोय.

आई (सांगितलं तसं लेकीने उतरवलंय)

तू उगीच सगळ्यांना कामाला लावलंस. बरं, लिही.

ह्यांनी पाटबंधाऱ्यातली नोकरी सोडली तेव्हा माझ्या वडिलांनी तीन महिने आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. "सरकारी नोकरी सोडून बोगदे खणायला गेला," म्हणायचे. मी दोन पोरं घेऊन देवगडात, हे कधी रत्नागिरीला, कधी कुठल्या डोंगरात. पंधरा दिवसांनी यायचे, लाल मातीने माखलेले. कपडे तीन पाण्यांतून काढले तरी पाणी लालच.

फुलांचं लिही. मार्च-एप्रिलात सुरंगी फुलते. सावंतवाडीकडे काम असलं की हे वळेसर आणायचे. पण हातात धरून कसं आणणार, ट्रॉलीवर माणसं असतात, साहेबाने गजरा धरलेला बरा दिसत नाही. म्हणून डब्यात. दुपारचं जेवण झालं की डबा धुवायचा, त्यात वळेसर, वर झाकण. पहिल्यांदा मी घासायला म्हणून डबा उघडला आणि वास आला तो घरभर. काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. वांगं-बटाट्याच्या डब्यातला सुरंगीचा वास, तो मला अजून येतो. हसू नकोस.

२००३ नंतर ते बदलले. जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर दगड आले, गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. ह्यांचा तो भाग नव्हता. पण रात्री फोन आला तसे गेले ते चौथ्या दिवशी आले. जेवायला बसले आणि भातावर पिठी वाढली तर नुसते बघत राहिले. मग उठून हात धुतले. त्या दिवसापासून पावसाळ्यात ह्यांची झोप गेली ती कायमची. रात्री कौलांवर सर वाजायला लागली की उठायचे, पडवीत जाऊन पागोळीखाली हात धरायचे. मी विचारायचे, काय करता? म्हणायचे, "किती आहे ते बघतो." घरात पाऊस मोजायचं यंत्र होतं, त्याच्यावर विश्वास नाही, हातावर विश्वास.

लोकांना वाटतं मी सोसलं. काही सोसलं नाही. पावसात ते नसायचे, पण ऑक्टोबर संपला, पावसाळी वेळापत्रक उठलं की माणूस घरचा. नोव्हेंबरात स्वतः भिंती सारवायचे, पोरीच्या वेण्या घालायचे. वेण्या मात्र एकदम सारख्या, डावी-उजवी एका मापाची. तुला आठवतं ना? तू रडायचीस, घट्ट होतात म्हणून.

त्या आकड्याचं मला माहीत नाही. दर वर्षी नातीच्या वाढदिवसाला सकाळी बाहेर पडायचे आणि संध्याकाळी केक कापायच्या वेळी यायचे, भिजलेली छत्री घेऊन. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

लेक

आई, विचारायला हवं होतं! मला वाटायचं त्यांना वाढदिवसाची गर्दी नको असते म्हणून ते देवगडला कलमांत जाऊन बसतात. मुलीने तर एका वर्षी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. कोणालाच माहीत नाही का?

निवृत्त ट्रॅकमन, कणकवलीजवळ

ताय, उशीर झालो. माझ्या झिलान वाचून दाखवल्यान तेवा कळला. टायपय तोच करता हा, चुकला तर तेका बोल लावा.

२४१/६ माझी गस्तीची बीट. माका म्हायत आसा.

२०११ च्या जुलयात तीन दिवस पाऊस उतराक नाय. दुसऱ्या रातीक मी नि जोडीदार बत्ती घेवन चालतंव. कटिंगच्या भिंतीक पाणी भायर येवक भोका ठेवलेली असतत. तेतूर पाणी येताच. पण त्या रातीक गढूळ येय होता. साहेबांनी आमका शिकवलेला, "पाणी नितळ आसा तवसर डोंगर घाम पुसता हा. गढूळ इला काय डोंगर उठता हा." जोडीदाराक लाल बत्ती नि गाडयेक सावध करूक रुळार लावतत ते फटाके घेवन रुळार पुढे पाठवलंय, मी कडेच्या सॉकेटाक फोन जोडलंय. गाडी पाठच्या स्टेशनार थांबली.

पावणेचाराक साहेब ट्रॉलीन इले. मी म्हटलंय, तुमी खाली रव्हा, आमी वर जातंव. ऐकतत खय! कमरेक दोरी बांधल्यानी नि आमच्या आदी वर. माथ्यावरच्या गटारात फणसाची फांदी आडवी पडलेली, तेका पाचोळो नि माती अडाकलेली. सगळा पाणी भिंतीच्या पाठी घुसा होता. कोयत्यान तोडून, फावड्यान ओढून ता मोकळा करीपर्यंत सकाळचे धा वाजले.

अकराच्या सुमाराक स्टेशनातून निरोप इलो, साहेबांका चेडू झाला. आमी एकामेकांच्या तोंडाक बघूक लागलंव, साहेबांका, ह्या वयात? मगे कळला, लेकीक.

साहेब रुळाच्या कडेक खडयेर बसले. चष्मो काढून पुसल्यानी, पण पुसतले कशान, सगळाच भिजलेला. खिशात लिमलेटच्यो गोळयो होत्यो, पाण्यान एकामेकांक चिकाटलेल्यो. त्योच वाटल्यानी. सात माणसा, पाच गोळयो. माका अर्धी गावली. आमी सांगलंव, साहेब, जावा, बाळाक बघा, आमी आसंव. म्हणाले, "पाणी नितळ येवंदे." तीन दिवस थयच. तिसऱ्या दिवशी सांजचा पाणी नितळ झाला. तेंनी ओंजळीत घेवन बघल्यानी, नि मगेच गेले. तर ताय, "ठीक" आदी लिवल्यानी म्हणान रागाव नको. दोनय एकाच दमात लिवलेली असतली, घराक इल्यार.

आता पुढचा. दुसऱ्या वर्साच्या जूनात साहेब पोत्यात वाळ्याची ठोंबा घेवन इले. देवगडच्या तुमच्या बावडेपाठचो वाळो. तेची मुळा खोल जातत, माती धरतत. आमी सगळ्यांनी मिळान वरच्या उतारार रांगेन लावलो. साहेब म्हणाले, हो नातीचो वाळो. तवसून दर वर्सा नातीच्या वाढदिसाक येयत. रिटायर झाल्यार कटिंगात येवक मिळा नाय, तर सावंतवाडी-दिवा गाडयेन जायत, दारात उभे रवान बघत नि रत्नागिरीसून परत. एकदा मी स्टेशनार गावलंय तर माका लाजान सांगल्यानी, "सहज इललंय."

वाळो अजून आसा.

नात

मी ती ३ किलोवाली. टायपिंग करणाऱ्या दादांना विचारा प्लीज, वाढदिवसाला मी, आई आणि आजी सकाळच्या दिवा गाडीने जाणार आहोत. कुठे बघायचं?

निवृत्त ट्रॅकमन, कणकवलीजवळ

राजापूर रोड स्टेशन सोडलास काय तयार रव, बाय. डोंगराच्या अंगाक, म्हणजे जाताना उजवीकडे. पायऱ्या पायऱ्यान हिरवो पट्टो दिसतलो. आता मधी विजेचे खांब इलेत, तेंच्यार आकडे वाचीत रवशीत तर चुकतलास, पाच-सात सेकंदात जाता ता. भिंतीतल्या भोकांतलाय पाणी बघ, नितळ आसा काय ता माका कळव. नि खिडकी आजयेक दी.